ताज्या पाण्याने पिल्लं का दगावली? सिक्लिड आणि त्यांच्या पाण्याचं रसायन

चाळीस लिटरचा टँक, त्यात क्रिबेन्सिस या सिक्लिड कुळातल्या छोट्या गोड्या पाण्यातल्या माशाची एक जोडी आणि त्यांची पाच आठवड्यांची साठेक पिल्लं. सगळी बोटाच्या पेराहून लहान, पण अंगावरचा काळा पट्टा आता नीट दिसायला लागला होता. त्या पाच आठवड्यांत मी पाणी बदललंच नव्हतं. नळीने पाणी ओढताना पिल्लंही ओढली जातील अशी भीती वाटायची, म्हणून आटेल तेवढंच वरून भरत राहिले. एका रविवारी धीर केला. अर्धं पाणी काढलं आणि क्लोरीन काढलेलं, तापमान जुळवलेलं ताजं पाणी भरलं. संध्याकाळी पिल्लं वर येऊन धापा टाकू लागली, रात्री एकेक करून तळाशी पडू लागली. सकाळी आठ उरली होती.

घाण पाण्यात मासे मरतात हे कुणालाही कळतं. स्वच्छ पाणी घातल्यावर का मरतात, हे समजायला मला बराच काळ लागला. पण ते समजलं तेव्हा सिक्लिड पाळायला लागणारं बहुतेक रसायन त्याबरोबरच समजलं. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पीएच दिसतो, केएच दिसत नाही

पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे पीएच सांगतो. ही मोजपट्टी १९०९ मध्ये सोरेनसेन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने मांडली. ७ म्हणजे मध्यम, त्याखाली आम्ल आणि वर अल्क. या पट्टीवरची प्रत्येक पायरी दहापटीची आहे, आणि हेच सहसा विसरलं जातं. ७ वरून ६ वर आलेलं पाणी दहापट आम्ल झालेलं असतं, ५ वर आलेलं शंभरपट. ‘दोनच अंकांचा तर फरक आहे’ असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा. टँकमध्ये आम्ल सतत तयार होत असतं. ते आधी या साठ्याशी झुंजतं आणि त्यातच संपतं. कणगीत धान्य आहे तोवर घरात टंचाई जाणवत नाही, तसं केएच शिल्लक आहे तोवर पीएच फारसा हलत नाही. कणगी रिकामी झाली की मात्र दोन-चार दिवसांत पीएच कोसळतो. रोज फक्त पीएच मोजणाऱ्याला हे अचानक घडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात साठा कित्येक आठवडे आटत आलेला असतो.

तिसरा आकडा जीएच. तो पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोजतो. शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन म्हणायचे ते हेच साबणाला फेस न येणारं जड पाणी. नैसर्गिक पाण्यात जीएच आणि केएच बऱ्याचदा जोडीने चढतात-उतरतात, म्हणून दोन्ही एकच असल्याचा समज होतो. ते एक नाहीत. खाण्याचा सोडा घातला तर केएच वाढतो, जीएच जागचा हलत नाही.

केएच मोजणं अगदी सोपं आहे. परीक्षानळीत ५ मिलिलिटर पाणी घ्यायचं, किटमधल्या बाटलीतून एकेक थेंब टाकायचा आणि हलवायचं. पाणी आधी निळं होतं. ज्या थेंबाला निळ्याचं पिवळं होईल तेवढे अंश केएच. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक अंश, म्हणजेच लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या तोडीचा साठा. त्या सोमवारी मी पहिल्यांदा किट नीट वापरलं. टँकमधून काढलेलं जुनं पाणी बादलीत तसंच होतं. त्यात पहिलाच थेंब टाकला आणि ते निळं झालंच नाही, थेट पिवळं. केएच शून्य. पीएच ५.८.

साठा खाल्ला कुणी?

मासा खातो ते मुख्यतः प्रथिन. प्रथिनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. त्यातला शरीराला लागेल तेवढा वापरून उरलेला मासा कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. फिल्टरमध्ये वसलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, त्यामुळे पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य. ते पाणी बदलून काढता येतं.

नव्या टँकमध्ये ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या, चालू टँकमधला स्पंज आणून लावला तर बरंच लवकर जमतं. तो स्पंज नळाखाली मात्र धुऊ नका. टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळातलं क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं, ते आपले-परके ओळखत नाही.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. पण अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल तयार होतं, आणि ते केएच खातं. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन जिरवायला सुमारे ७ मिलिग्रॅम कार्बोनेटचा साठा लागतो. हेच उलटून मांडलं तर एक उपयोगी हिशेब हाती येतो: नायट्रेट लिटरमागे ११ मिलिग्रॅमने वाढलं की केएच साधारण एक अंशाने घटलेला असतो.

आता माझा टँक पाहा. क्रिबेन्सिससाठी, म्हणजे क्रिबसाठी, मी आरओचं (जवळजवळ क्षार नसलेलं) पाणी मिसळून केएच २ वर आणला होता. म्हणजे नायट्रेट २२ मिलिग्रॅमवर गेलं की साठा संपणार. एका टँकफुल्ल पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा खाऊ घातल्यावर त्याला किती दिवस लागणार? मी वरून जे पाणी भरत होते ते आरओचंच होतं, त्यातून केएचची भर शून्य. साठा बहुधा तिसऱ्याच आठवड्यात संपला असावा. त्यानंतर पीएच घसरला, आणि पीएच ६ च्या आसपास आला की हे जिवाणू काम जवळजवळ थांबवतात. खाद्य चालू, फिल्टरचे बुडबुडे चालू, आणि अमोनिया साचत चाललेला.

एकच अमोनिया, दोन रूपं

मग पिल्लं तेव्हाच का नाही मेली? उत्तर पीएचमध्येच आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक अमोनियम, म्हणजे हायड्रोजनचा एक आयन चिकटलेलं रूप. ते कल्ल्यांतून सहज आत शिरत नाही, त्यामुळे बरंच निरुपद्रवी. दुसरा मुक्त अमोनिया, तो थेट आत जातो आणि कल्ले जाळतो. कोणतं रूप किती, हे पीएच ठरवतो. २५ अंश तापमानाला पीएच ६ असेल तर मुक्त अमोनिया एकूण अमोनियाच्या ०.०६ टक्के. पीएच ७ ला साधारण अर्धा टक्का, ८ ला पाच टक्क्यांहून थोडा जास्त आणि ९ ला ३६ टक्के. तापमान वाढलं की हे प्रमाणही वाढतं. किट मात्र दोन्ही रूपांची बेरीज दाखवतं. त्यामुळे अमोनियाचा आकडा पीएचशिवाय वाचणं म्हणजे अर्धंच पत्र वाचणं.

बादलीतल्या जुन्या पाण्यात एकूण अमोनिया होता लिटरमागे सुमारे ६ मिलिग्रॅम. ५.८ पीएचला त्यातला मुक्त भाग जेमतेम ०.००२. पिल्लं त्यात तग धरून होती. त्या रविवारी आरओचं पाणी साठवलेलं नव्हतं, म्हणून मी सरळ नळाचं वापरलं. आमच्या नळाचा केएच ८. अर्धं पाणी बदलल्यावर एकूण अमोनिया ६ वरून ३ वर आला खरा, पण पीएच ५.८ वरून ७.८ वर उडाला. तिथे मुक्त अमोनियाचं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. एकूण अमोनिया निम्मा झाला आणि विष पन्नासपट वाढलं. पीएचची शंभरपट उडी आणखी वेगळीच. एवढ्याशा पिल्लांना यातलं एकही पुरलं असतं.

असा टँक तुमच्यासमोर आला तर? दीर्घकाळ न बदललेलं पाणी, घसरलेला पीएच, वर अमोनिया. घाईने मोठा बदल करू नका. दोन-तीन दिवस खाद्य अगदी कमी करा किंवा बंद ठेवा. जुन्या पाण्याच्या पीएचशी जवळपास जुळणाऱ्या पाण्याने दिवसाला दहा टक्के बदल सुरू करा. अमोनिया बांधून ठेवणारं द्रव्य मिळतं, ते वापरा. अमोनिया किटवर दिसेनासा झाला की मगच केएच हळूहळू चढवा.

मासा पाण्याला शोभेल असा निवडा

सिक्लिड कुळात वर्णन झालेल्या जाती सतराशेहून जास्त आहेत, आणि त्यांची पाणी एकमेकांपासून फार वेगळी. टांगानिका हे बैकालनंतरचं जगातलं सर्वांत खोल सरोवर. पीएच ९ च्या आसपास, केएच १६ च्याही वर. मलावी सरोवरात पीएच ८ च्या आगेमागे, केएच ६ ते ८. याउलट रिओ निग्रोचं चहासारखं काळसर पाणी: पीएच ५ च्याही खाली जाणारा आणि क्षार जवळजवळ नाहीतच. डिस्कस, एंजल, रामिरेझी, अॅपिस्टोग्रामा हे अॅमेझॉन आणि ओरिनोकोच्या परिसरातल्या मृदू पाण्याचे. क्रिबेन्सिस पश्चिम आफ्रिकेतल्या नायजेरिया-कॅमेरूनच्या बाजूचा, आणि पिढ्यान्‌पिढ्या टँकमध्ये वाढल्यामुळे बराच जुळवून घेणारा.

माझं मत स्पष्ट आहे: आधी नळाचं पाणी मोजा, मग मासा निवडा. पेलाभर पाणी चोवीस तास उघडं ठेवून मोजा. ताज्या पाण्यात कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खरा दिसत नाही. केएच ८, जीएच १० असं जड पाणी असेल तर मलावीच्या म्बुना जाती त्यात आनंदाने राहतील, अंडीही देतील. त्याच पाण्यात डिस्कसची पिल्लं काढायचा अट्टाहास म्हणजे रोज पाण्याशी भांडण. मृदू पाण्यातल्या माशांची अंडी जड पाण्यात नीट फलत नाहीत, फुटण्याचं प्रमाणही घटतं. मासे मोठे होतात, जोड्या जमतात, पण पिल्लं मिळत नाहीत.

पाणी बदलायचंच असेल तर साठ्याकडून बदला. पीएच वर-खाली करणाऱ्या बाटल्यांवर माझा भरवसा नाही. साठा तसाच ठेवून नुसतं आम्ल ओतलं तर पीएच दोन दिवसांत परत चढतो, पुन्हा ओतलं की पुन्हा पडतो, आणि त्या झोक्यात मासा थकतो. केएच वाढवायला १०० लिटरला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा घातला की साधारण एक अंश मिळतो. जीएच वाढवायला एप्सम मीठ, १०० लिटरला सुमारे साडेचार ग्रॅमने एक अंश. दोन्ही बादलीत विरघळवून, नव्या पाण्यातून घाला, टँकमध्ये थेट टाकू नका. फिल्टरमध्ये पोवळ्याचा चुरा ठेवला तर तो हळूहळू विरघळतो, आणि पाणी आम्ल होऊ लागलं तर जास्त वेगाने, त्यामुळे विसरभोळ्या हातांसाठी तो चांगला राखणदार. खाली आणायचं असेल तर आरओचं पाणी ठरलेल्या प्रमाणात मिसळा. देशी बदामाची पानं आणि पाण्यातलं लाकूड मृदू पाण्यात पीएच थोडा उतरवतात. केएच जास्त असेल तर नुसता रंग येतो.

टांगानिकाच्या जाती पाळणाऱ्यांनी वरचे टक्के पुन्हा वाचावेत. पीएच ९ ला अमोनियाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग मुक्त असतो. मृदू, आम्ल पाण्यात खपून जाणारी चूक तिथे खपत नाही.

नळाच्या पाण्याबद्दल आणखी एक. नुसतं क्लोरीन असेल तर रात्रभर हवेच्या बुडबुड्यांखाली ठेवून ते उडून जातं. क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, तसं जात नाही. त्याला सोडियम थायोसल्फेटसारखं द्रव्य लागतं, आणि क्लोरामाइन फुटताना थोडा अमोनिया सुटतो. पिल्लांच्या टँकमध्ये तेवढाही हिशेबात धरा.

अंड्यांपासून पोहणाऱ्या पिल्लांपर्यंत

पहिल्यांदा पिल्लं काढायची असतील तर मी क्रिबेन्सिसच सुचवेन. मादी तयार झाली की तिचं पोट पिकल्या चेरीसारखं लालजांभळं होतं. ती नरासमोर अंग धनुष्यासारखं वाकवते, पोट दाखवते आणि थरथरते. सिक्लिडमध्ये बहुधा नर मिरवतात. इथे पुढाकार तिचा असतो. गुहेसारखी जागा हवी: आडवी ठेवलेली कुंडी किंवा नारळाची करवंटी, दार मादी जेमतेम शिरेल एवढं. अंडी छताला चिकटवली जातात. मग मादी दिसेनाशी होते आणि नर दारात पहारा देतो. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात, पिल्लं अजून शेपटीवाल्या ठिपक्यांसारखी वळवळत असतात, आणि साधारण आठवड्याने पोहू लागतात. एखाद्या सकाळी मादी गुहेतून बाहेर येते आणि तिच्याभोवती राखाडी धुकं हलत असतं. ते धुकं म्हणजे पिल्लं.

क्रिबमध्ये आणि अॅपिस्टोग्रामात पाण्याचा पीएच पिल्लांच्या नर-मादी प्रमाणावरही परिणाम करतो. क्रिबमध्ये आम्ल पाण्यात नर जास्त निघतात. अॅपिस्टोग्रामात तापमानाचाही वाटा असतो. सगळी पिल्लं एकाच लिंगाची निघाली तर आधी किटकडे पाहा.

मलावीच्या म्बुनाचा संसार निराळा. मादी अंडं घालते आणि लगेच वळून तोंडात घेते. नराच्या शेपटीअलीकडच्या खालच्या पंखावर अंड्यांसारखेच पिवळे ठिपके असतात. ती तेही टिपायला जाते आणि त्याच क्षणी नराचं वीर्य तिच्या तोंडात पोचून अंडी फलतात. पुढचे तीन आठवडे तिचा गळा फुगलेला, तोंड घट्ट मिटलेलं. ती जवळपास काही खात नाही. अशा वेळी तिला निवांतपणा हवा, सारखं जाळं घालून पाहू नये, नाहीतर घाबरून ती सगळं थुंकते किंवा गिळते. लॅबिडोक्रोमिस सिरुलियस, म्हणजे पिवळा लॅब, यात सगळ्यांत शांत. एका नराला तीन-चार माद्या ठेवा, म्हणजे एकाच मादीचा पिच्छा पुरवला जात नाही.

एंजलची तरुण जोडी पहिल्या एक-दोन वेळची अंडी बहुधा खाऊन टाकते. तेवढ्यावरून जोडी बदलू नका. रात्री मंद दिवा ठेवा, टँकसमोरची वर्दळ कमी करा आणि त्यांना शिकू द्या. पांढरी पडलेली अंडी फलली नाहीत म्हणून बुरशी धरतात, आई-बाप ती वेचून काढतात. डिस्कसची पिल्लं तर पहिले काही दिवस आई-बापाच्या अंगावरचा चिकट थर खाऊनच वाढतात, त्यांना लगेच वेगळं काढणं म्हणजे उपाशी ठेवणं.

पिल्लांचं पहिलं खाणं म्हणून अंड्यांतून ताज्या काढलेल्या ब्राइन श्रिम्पला, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या इवल्याशा कोळंबीसारख्या जिवाला, तोड नाही. लिटरला २५ ते ३० ग्रॅम मीठ, २६ ते २८ अंश तापमान आणि खालून सतत हवा, एवढ्यावर चोवीस तासांत अंडी फुटतात. लगेच गाळून, मीठ धुऊन द्या. उशीर झाला तर त्यांच्यातलं पोषण त्यांनीच वापरून टाकलेलं असतं. दहा मिनिटांत पिल्लांची पोटं केशरी दिसायला लागतात. ज्याचं पोट केशरी झालं नाही ते उपाशी, इतकं सरळ आहे.

आणि पाणी. आता मी हवेच्या बारीक नळीने, तोंडाला स्पंजचा तुकडा लावून, रोज दहा टक्के काढते. नवीन पाणी त्याच नळीला गाठ मारून थेंबथेंब सोडते. पिल्लांच्या टँकमध्ये केएच ४ च्या खाली जाऊ देत नाही. आठवड्यातून एकदा केएच, पीएच, अमोनिया, नायट्रेट वहीत लिहिते. वहीतला केएच सहा, पाच, चार असा उतरताना दिसला की पीएच हलण्याच्या कितीतरी आधी मला कळतं.

पिल्लं खूप होतात, हेही आधीच ठरवून ठेवा. मलावीच्या जवळच्या जाती एकत्र ठेवल्या तर त्या आपसात संकर करतात, आणि ती पिल्लं मूळ जातीच्या नावाने कुणाला देणं ही फसवणूक आहे. व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला गेला, पुढे १९८० च्या दशकात तिथल्या शेकडो सिक्लिड जाती दिसेनाशा झाल्या, आणि काही जाती केवळ टँकमध्ये टिकल्या. कुणाच्या तरी शुद्ध जोडीमुळे एक अख्खी जात जिवंत राहू शकते. जास्तीची पिल्लं तलावात किंवा नदीत सोडायची नाहीत, कितीही दया आली तरी. तिलापिया हाही सिक्लिडच, आणि तो जिथे पसरला तिथल्या स्थानिक माशांना जड गेला.

त्या जोडीने दोन महिन्यांनी पुन्हा अंडी घातली. या वेळी पिल्लं पोहायला लागल्यावर मी रोज संध्याकाळी नळी घेऊन टँकशी बसायचे. नळीची सावली पडली की मादी पोटाखालचे पंख एकदा झटकायची, आणि सगळं धुकं एका झटक्यात तळाच्या वाळूत बसायचं, एक पिल्लू हलायचं नाही. एखादं भरकटलं तर नर ते तोंडात घेऊन परत आणून थुंकायचा. मी नळी बाजूला घेतली की मिनिटभराने पुन्हा सगळी वर.